काही लावू नका

पोट दुखत असेल तर माणसाला खोटं बोलता येतं. गुडघा धरला असेल तर जिना टाळता येतो. मूळव्याध तर लोक वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि सख्ख्या शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. पण पापणी लाल होऊन सुजली, तिची सालं सुटू लागली, की ती बातमी दूधवाला, इस्त्रीवाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू यांना एकाच सकाळी कळते. चेहऱ्याचं दुखणं सार्वजनिक असतं. आणि सार्वजनिक गोष्टीवर मत न देणं आमच्या कोथरूडमध्ये उद्धटपणाचं समजतात.

माझी आत्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. ‘आधी दिलंय काय ते लिहा, मग काढायचंय काय ते लिहा’ हे तिने पोरांना जन्मभर बजावलं. पण तिच्याच डोळ्यांभोवतीची कातडी कोरडी, लालसर आणि सुरकुतलेली दिसायला लागली, दिवसभर खाज आणि सकाळी उठल्यावर पापण्या टम्म, असं सुरू झालं, तेव्हा दिलंय काय हे कुणी विचारलंच नाही. सगळे थेट उत्तरावर आले.

पहिलं उत्तर अर्थातच उष्णता. उष्णता थर्मामीटरवर येत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, पण होते मात्र सगळ्यांना. तोंड आलं, उष्णता. केस गळले, उष्णता. आमच्याकडे एक चुलतभाऊ दहावीला गणितात गेला तेव्हाही आजी म्हणाली होती, उष्णता; परीक्षा मार्चमध्येच असते ना. दुसरं उत्तर पित्त. त्यावर आमसुलाचं पाणी चोळायचं असतं. पित्ताच्या गांधी दंडावर किंवा पाठीवर उठतात तेव्हा हे ठीक आहे, पण आमसुलाचा कोळ पापणीला चोळून बघितल्यावर आत्या जे काही बोलली ते गणिताच्या बाईंना शोभणारं नव्हतं.

तिसरं उत्तर कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण सोसायटीत सगळ्यांनी मनाशी काढून ठेवलं होतं. निवृत्त बाई, सकाळी सकाळी डोळे सुजलेले, कडा लाल: म्हणजे रात्री रडत असणार. घरात सून आहे. मग गणित सुटलंच. ही सून हिंजवडीला एका कंपनीत आहे. सकाळी सातला निघते, रात्री नऊला परतते आणि मधला सगळा वेळ एकतर पुलावरच्या वाहतुकीत नाहीतर परदेशातल्या साहेबाच्या मीटिंगमध्ये जातो. सासूला छळायचं म्हटलं तर तिला आधी रजा टाकावी लागेल. तरीही लिफ्टमध्ये बायका तिच्याशी हवापाण्याचं बोलायच्या आणि नजर मात्र फौजदाराची ठेवायच्या. पापणीच्या कातडीमुळे सुनेची अब्रू जाते, याची नोंद त्वचारोगाच्या कुठल्याही पुस्तकात नसेल, पण व्हायला हवी.

उत्तरं इतकी, त्यामुळे उपायही तितकेच. आपल्याकडे एखादा उपाय लागू पडला नाही म्हणून तो बंद करायची पद्धत नाही. त्यावर दुसरा चढवतात. आमसुलावर कोरफड आली. कोरफडीवर गुलाबपाणी. गुलाबपाण्यावर काकडीच्या चकत्या. मग कुणीतरी ही रांजणवाडी असणार असं ठरवून लवंग उगाळून लावायला सांगितलं. रांजणवाडीला लवंग हा आमच्या आजीच्याही आजीचा उपाय आहे, आणि लवंग दातावर ठेवली तरी कशी चुरचुरते हे माहीत असूनही ती पापणीवर ठेवायची हिंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. एका मावशींनी दृष्ट लागल्याचं निदान करून दाराला बिब्बा बांधायला दिला. तो दारालाच राहिला हे बरं झालं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड उठतात, आणि धोबी त्याच तेलाने कपड्यांवर खुणा करत तेव्हा ती खूण मानेशी लागून भल्याभल्यांच्या मानेवर पुरळ उठलेलं आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत आदर वाटतो तो काशाच्या वाटीबद्दल. रात्री झोपताना तळपायाला तूप लावायचं आणि काशाच्या वाटीने घासायचं. तळपाय काळे पडतात, मग घासणारा समाधानाने म्हणतो, ‘बघा, किती उष्णता बाहेर आली!’ तो काळेपणा धातू आणि तूप यांच्या आपापसातल्या व्यवहाराचा असतो, उष्णतेचा त्यात काही वाटा नसतो. पण डोळ्यांसाठी सुचवलेल्या तमाम घरगुती उपायांत हा एकच असा आहे, जो डोळ्यांपासून पाच फूट लांब केला जातो. शिवाय झोप छान लागते. आत्याने तो चालू ठेवला आणि पुढे डॉक्टरांनीही त्याला हरकत घेतली नाही.

आता पापणीची बाजू मांडायला हवी, कारण या गदारोळात तिचं म्हणणं कुणी ऐकून घेत नव्हतं. आपल्या अंगावरची सगळ्यांत पातळ कातडी पापणीची. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाठीची कातडी तिच्या कितीतरी पट जाड. टाचेची तर गोष्टच सोडा, तिच्यावर भेगा पडल्या तरी तक्रार यायला हिवाळा उलटतो. पापणीखाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच आणि आतला भाग सैल, म्हणून रात्री आडवं झाल्यावर तिथे पाणी साचतं आणि सकाळी सूज दिसते. जी वस्तू तळहाताला कळतही नाही, ती पापणीला मुकाट सोसावी लागते. बरं, ती वस्तू तिच्यावर लावलेलीच असते असंही नाही. नेलपॉलिश नखाला लावतात. नख ढिम्म असतं, आणि खाज सुटते पापणीला, कारण ते बोट दिवसभरात तिथे जाऊन येतं. शाम्पू डोक्याला, पण त्याचा फेस ओघळतो इथून. मोलकरणीने फवारलेला सुगंधी स्प्रे हवेत, आणि उतरतो इथे. घराण्यात खर्च कुणीही केला तरी कर्ज ज्या गरीब भावाच्या नावावर निघतं, त्या भावासारखी ही पापणी आहे.

आणि बोट तिथे जातं किती वेळा? ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना कॅमेऱ्यात टिपून केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ती मुलं तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होती. हे उद्याचे डॉक्टर. आत्या तर बटाटेवड्यासाठी लसूण सोलून, भांड्यांचा साबण हाताळून, देवापुढे उदबत्ती लावून मग डोळे चोळणारी. खाज आली की चोळायचं, चोळलं की कातडी आणखी सोलवटायची, सोलवटली की आणखी खाज. असं दोन-तीन महिने चाललं की कातडी जाड आणि काळपट होते आणि मग लोक ‘काळी वर्तुळं आलीत, झोपत जा’ असं सांगायला लागतात. खाजेने जागी असलेल्या बाईला.

मग ट्यूब आली. प्रत्येक सोसायटीत एक ट्यूब असते. ती कुणाची असते हे कुणालाच माहीत नसतं, पण ती गजकर्ण, घामोळं, डास, भाजलं, कापलं आणि जावयाच्या चेहऱ्यावरचे डाग या सगळ्यांवर चालते. ट्यूबच्या शेपटाकडचा भाग पार गुंडाळलेला असतो. ती पापणीला लावल्यावर दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली, आत्या हसायला लागली आणि ट्यूबवाल्या काकूंचा सोसायटीत मान वाढला. चौथ्या दिवशी ट्यूब थांबवली तर लाली व्याजासकट परत. पुन्हा लावली, पुन्हा गेली. त्या ट्यूबमध्ये तगडं स्टेरॉइड असतं, सोबतीला बुरशीचं आणि जंतूंचंही औषध, म्हणजे शत्रू कोण हे न पाहता तिन्ही सैन्यदलं एकदम पाठवलेली. पापणीच्या पातळ कातडीतून हे औषध भराभर आत जातं. जास्त दिवस चाललं तर कातडी आणखी पातळ होते, आणि डोळ्याच्या इतक्या जवळ रोज लावत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू यांचा धोका. अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारने २०१८ साली ठरवलं. पण सोसायटीतली ट्यूब कुणी विकत नाही. ती प्रेमाने दिली जाते, आणि प्रेमाला चिठ्ठी लागत नाही.

शेवटी सुनेनेच रजा टाकली आणि आत्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. सोबत मी आणि आतोबा. आतोबांबद्दल थोडं सांगायला हवं. वय चौऱ्याहत्तर. बँकेतून निवृत्त. रोज पहाटे वेताळ टेकडी. केस काळेभोर. इतके काळे की दिवे गेल्यावर आतोबांचं डोकं आधी दिसेनासं होतं. महिन्यातून एका रविवारी ते बाथरूममध्ये जरा जास्त वेळ असतात आणि नंतर बेसिनच्या कडेला एक गडद ठिपका उरतो, तो आत्या न बोलता पुसते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि अधिकृतरीत्या कुणालाही नाही. ‘आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत,’ असं ते सांगतात. आत्या त्या वेळी भाजी निवडत असते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आधी भिंगातून पापणी पाहिली, केसांची मुळं पाहिली, डोक्यात कोंडा आहे का ते पाहिलं. पापणीच्या केसांच्या मुळाशी एक अतिसूक्ष्म जीव राहतो, त्याचाही कधीकधी त्रास होतो, असं ती म्हणाली. आत्या ताठ झाली. ‘माझ्या डोळ्यांत किडे? मी रोज दोनदा आंघोळ करते.’ डॉक्टर म्हणाली, ‘काकू, वय वाढतं तसे ते बहुतेक सगळ्यांकडे असतात. तुमच्याकडे त्रास देण्याइतके दिसत नाहीत.’ हे दुसरं वाक्य आत्याने ऐकलं नाही. तिने आतोबांकडे बघितलं. तिच्या मते आले असतील तर ते त्यांच्याकडून.

‘काकू, चेहऱ्याला काय काय लावता?’

‘काही नाही.’

या प्रश्नाचं हेच उत्तर येतं हे डॉक्टरला ठाऊक असावं, कारण तिने आधीच फोनवर घरातलं सगळं एका पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. पिशवी टेबलावर रिकामी झाली. गुलाबपाणी, कोरफडीचं हिरवंगार जेल, चंदनाचा साबण, शिकेकाई, बाम, खोबरेल, कापूर घातलेलं खोबरेल, ती ट्यूब आणि न्यू जर्सीहून आत्येबहिणीने पाठवलेलं एक महागडं क्रीम, ज्यावर ‘हायपोअलर्जेनिक’ असं लिहिलं होतं. म्हणजे ज्याने अलर्जी कमी होते ते. हा शब्द छापायचा तर आधी सिद्ध करून दाखवा, असा नियम अमेरिकन सरकारने १९७५ साली केला होता. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ साली नियम रद्द झाला. तेव्हापासून त्या शब्दाचा अर्थ ती ती कंपनी सांगेल तो. आत्येबहिणीने त्याचे डॉलर मोजले होते, म्हणून ते क्रीम आत्या रविवारीच लावायची.

‘पण यातलं बरंचसं मी वीस-वीस वर्षं वापरतेय. इतक्या वर्षांत काही झालं नाही, ते आत्ताच कसं होईल?’ आत्याने गणिती मुद्दा काढला. डॉक्टर म्हणाली, असंच होतं. शरीर एखादा पदार्थ वर्षानुवर्षं निमूट चालवून घेतं आणि एके दिवशी त्याच्याशी वैर धरतं, आणि एकदा धरलं की सहसा सोडत नाही. वर ते वैर लगेच दिसतही नाही. आज लावलं तर उद्या नाहीतर परवा उठतं, म्हणून माणूस सोमवारच्या गुन्ह्यासाठी बुधवारच्या वांग्याला धरतो. आमच्याकडे वांगं केव्हाच बंद झालं होतं. टोमॅटो, दही, शेंगदाणे आणि आंबाही. नातीने मॅगीवर संशय घेऊन पाहिला, तो कुणी चालू दिला नाही.

मग तो प्रश्न आला. ‘घरात कोणी केस रंगवतं?’

खोलीत शांतता. सुनेने फोन काढला. मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचू लागले. आतोबा पंख्याकडे बघत होते. आत्या, जिने आयुष्यात एकाही पोराला अर्धा गुण फुकट दिला नाही, ती स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘नाही. यांचे मूळचेच काळे आहेत.’

डॉक्टरने आतोबांच्या डोक्याकडे बघितलं. काही बोलली नाही. कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

औषधपत्र पाहून घरात खरा धक्का बसला. पहिली ओळ होती: काही लावू नका. साबण नाही, जेल नाही, गुलाबपाणी नाही, ट्यूब तर नाहीच. साध्या पाण्याने तोंड धुवा, न चोळता टिपा. खाज आली तर स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून ठेवा. कोरडं वाटलं तर वास नसलेली साधी पेट्रोलियम जेली, तीही पातळ. नखं कापा. आणि रात्री लावायला थोडे दिवस टॅक्रोलिमस नावाचं मलम. ते स्टेरॉइड नव्हे, पण सुरुवातीला चुरचुरतं, घाबरू नका. हे औषध जपानातल्या त्सुकुबा इथल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून १९८४ साली मिळालं, मुळात अवयव बदलल्यावर शरीराने तो नाकारू नये म्हणून वापरतात, हे मी घरी येऊन वाचून दाखवलं. आतोबा म्हणाले, ‘मातीच लावायची होती तर मुलतानी काय वाईट होती?’

‘काही लावू नका’ हे औषध घ्यायला फार कठीण. कडू काढा माणूस नाक धरून पितो, सुई टोचून घेतो, पण हात जोडून स्वस्थ बसणं आपल्या घरांना झेपत नाही. शेजारच्या काकू आल्या. ‘काय दिलं डॉक्टरने?’ काही नाही. ‘मग फी कशाची घेतली?’ याला आत्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या एकीने ‘नुसतं साजूक तूप लावायला काय हरकत आहे, ते काही लावण्यात धरत नाहीत’ असा कायदेशीर तोडगा काढला. तिसरीने, जी कधी कुणाला औषध सांगितल्याशिवाय उठली नाही, ‘मी काही सांगत नाही हं’ असं म्हणून कडुनिंब सांगितला. सूनबाईंनी एक कागद छापून दारामागे लावला: ‘डोळ्यांवर उपाय सुचवू नयेत’. पुण्याच्या परंपरेला धरून होता तो, त्यामुळे कुणाला राग आला नाही, आणि कुणी पाळलाही नाही.

इथे थोडं गंभीर बोलते. सगळ्या लाल पापण्यांना थांबून बघायची मुभा नसते. नजर धूसर झाली, डोळ्याच्या आत दुखतंय, उजेड सोसत नाही, सूज इतकी की डोळा उघडेना, ताप आहे, किंवा कपाळाच्या एकाच बाजूला पाण्याचे फोड येऊन नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरले, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. शेवटचं लक्षण नागिणीचं असतं आणि ती डोळ्यात शिरू शकते. तेव्हा काशाची वाटी घेऊन बसायचं नाही.

आत्याच्या पापण्या तीनेक आठवड्यांत बऱ्याच निवळल्या. पण पूर्ण नाही. दर महिन्याला एकदा लाली उसळायची. आतोबांनी याचा अभ्यास सुरू केला आणि गुन्हेगार जाहीर केला: गाजर गवत. संशय अगदीच गैर नव्हता. काँग्रेस गवत आपण ज्याला म्हणतो ते हेच, आणि त्याची नोंद भारतात ठळकपणे झाली ती १९५०च्या दशकात पुण्यातच. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून ते आलं असं सांगतात. त्याचे सुकलेले कण हवेत उडतात आणि उघड्या अंगावर बसतात, विशेषतः पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खळगीत. पुणे परिसरातल्या शेकडो लोकांनी त्यापायी वर्षानुवर्षं खाजवलं आहे. त्याला खाऊन संपवावं म्हणून १९८०च्या दशकात मेक्सिकोहून खास भुंगे आणले गेले. भुंगे आले, त्यांनी खाल्लं, गवत अजून आहे. सोसायटीच्या सभेत आतोबांनी मागच्या कंपाउंडलगतचं गवत काढायचा ठराव मांडला. गवताचं नाव निघाल्याबरोबर सभेत दोन तट पडले, सत्तर वर्षांचा हिशेब निघाला, आणि गवत कुणी काढायचं हे ठरायच्या आत चहा आला.

डॉक्टर म्हणाली, अंदाज पुरे, पाठीवर चाचणी करू. ही पॅच टेस्ट योझेफ याडासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली लोकांसमोर मांडली, आणि मूळ कल्पनेत आजवर फारसा बदल नाही: संशयितांना बारीक बारीक कप्प्यांत बसवायचं, पाठीला चिकटवायचं आणि दोन दिवस वाट बघायची. भारतासाठी वीसेक पदार्थांची ठरलेली यादी आहे. त्यात निकेल आहे, सिमेंटमधला क्रोमियमचा क्षार आहे, निओमायसिन आहे, सुगंधांचं मिश्रण आहे, केसांच्या रंगातलं पीपीडी आहे आणि खास आपल्यासाठी गाजर गवतही आहे. आतोबांना ते कळल्यावर विजयी वाटलं.

दोन दिवस पट्ट्या भिजवायच्या नाहीत, घाम येऊ द्यायचा नाही, आणि पट्ट्या निघाल्या तरी शेवटची नोंद होईपर्यंत पाठीला पाणी नाही. महिना एप्रिल. रोज दोन आंघोळी करणारी आत्या पंख्याखाली पाठमोरी बसून होती आणि येणारा-जाणारा तिच्या पाठीवरच्या चौकोनांकडे बघून आपापल्या पैजा लावत होता. सुनेची पैज गुलाबपाण्यावर होती. मी बामवर. आतोबांची गवतावर, आणि ते एकटेच असे होते की ज्यांना पैज हरण्याची भीती वाटत असावी.

पट्ट्या काढल्या. गाजर गवताचा चौकोन कोरा, मोत्यासारखा नितळ म्हणावा इतका. सुगंधांच्या मिश्रणाखाली लालसर उंचवटा. त्या मिश्रणात युजेनॉल असतं, आणि लवंगेचा जो वास असतो तो मुख्यतः युजेनॉलचाच. आजीच्या आजीचा उपाय असा शास्त्रोक्त पद्धतीने पकडला गेला. आणि पीपीडीच्या चौकोनाखाली बारीक फोड आलेला लालभडक डाग. हे पीपीडी म्हणजे पॅराफेनिलिनडायामिन, काळ्या रंगाचा राजा. अमेरिकेत या विषयाच्या डॉक्टरांची एक संस्था दरवर्षी एका पदार्थाला ‘वर्षातला अलर्जीकारक’ असा मान देते. २००६ साली तो यालाच मिळाला होता. २००८ साली निकेलला. सत्कार, शाल-श्रीफळ वगैरे असतं की नाही कल्पना नाही.

‘पण मी तर केस कधीच रंगवले नाहीत!’ आत्या म्हणाली. खरं होतं. तिचं पांढरं शुभ्र डोकं समोरच होतं. डॉक्टरने विचारलं, ‘कधी काळी मेंदी काढली होती? लग्नाबिग्नात?’ काढली होती. पुतणीच्या लग्नात, पटकन रंगते म्हणून, काळी कुळकुळीत. त्या झटपट मेंदीत पुष्कळदा हेच घातलेलं असतं, आणि शरीर वैर धरतं ते बहुधा अशाच एखाद्या शुभप्रसंगी. ‘म्हणजे ओळख तिथे झाली. पण आता रोज कुठून येतंय? मेंदी केव्हाच गेली. उशी… काकू, उशी कोण कोण वापरतं?’

कुणीच काही बोललं नाही, पण या वेळी आमच्या सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रंगाचा नीट न धुतला गेलेला अंश केसांत राहतो, केसांतून उशीवर उतरतो, आणि आत्या टीव्ही बघताना आतोबांचीच उशी डोक्याखाली घेते, कारण ती मऊ आहे. दर महिन्याला लाली उसळायची ती त्या एका रविवारनंतर. नवऱ्याच्या डोक्यावरून बायकोच्या पापणीवर येणारा हा आजार डॉक्टरांच्या पुस्तकात रीतसर आहे. जोडीदाराकडून आलेला म्हणूनच त्याची नोंद करतात.

आतोबा खाकरले. ‘ते… थोडंसं… कल्ल्यांजवळ टचअप करतो मी. क्वचित.’

‘आम्हाला माहीतच नव्हतं,’ सून म्हणाली. घराण्यात आल्यापासून तिने बोललेलं सर्वांत सुसंस्कृत वाक्य.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण आतोबांनी आठवड्याभरात एक हिरवा पुडा आणला. त्यावर पानाफुलांची चित्रं, एका ऋषींचं चित्र आणि ‘संपूर्ण वनौषधी’ अशी ग्वाही. आत्याने चष्मा लावला, मग चष्म्यापुढे भिंग धरलं, आणि पुड्याच्या घडीत, जिथे गोंद लावतात तिथे, मुंगीच्या अक्षरात छापलेलं नाव शोधून काढलं. तेच. पॅराफेनिलिनडायामिन. ऋषींना याची कल्पना नसावी. त्या दिवसापासून सोसायटीतल्या बायका आपापली क्रीमं घेऊन आत्याकडे येतात. ती घटकांची यादी उत्तरपत्रिका तपासावी तशी लाल पेनने तपासते आणि ‘सुगंध’ असा शब्द दिसला की गोल करते. ट्यूबवाल्या काकूंची ट्यूब तिने जप्त केली आहे.

आतोबा आता पांढरे आहेत. मुळं आधी पांढरी झाली, टोकं काळी राहिली, ते मधले दोन महिने ते टोपीशिवाय टेकडीवर गेले नाहीत. आत्याच्या पापण्या ठणठणीत. सोसायटीने सुनेवरचा संशय मागे घेतला, पण माफी मागितली नाही. आतोबांची मात्र तक्रार आहे. परवा डेक्कनला बसमध्ये चढले तर एक पोरगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘आजोबा, बसा.’ आतोबा बसले नाहीत. वनाजपर्यंत दांड्याला लटकत उभे राहिले आणि घरी येऊन त्यांनी विचारलं, की या डॉक्टरीण बाईंनी एकाचा रोग बरा करून दुसऱ्याला एका दिवसात वीस वर्षांनी म्हातारं केलं, तर त्यांची अर्धी फी परत मागता येते का. आत्या भाजी निवडत होती. ती म्हणाली, अर्धी कशी काय, आधी दिलंय काय ते लिहा.